निवृत्तीचं कॅल्क्युलेटर: उत्तराआधी गृहीतं वाचा

'पेट'ची तयारी करताना आपण चल, गृहीत, वैधता या व्याख्या पाठ करतो. त्या प्रत्यक्षात कुठे लागतात हे बघायचं असेल, तर घरातल्या निवृत्तीला आलेल्या माणसासाठी एखादं ऑनलाइन रिटायरमेंट कॅल्क्युलेटर उघडा. जमा रक्कम, महिन्याचा खर्च, व्याज आणि महागाई भरली की पैसे किती वर्षं पुरतील ते लगेच समोर येतं. साधन उपयोगाचं आहे, गणितही बहुतेक वेळा बरोबर असतं. माझा आक्षेप आहे तो एकाच आकड्यातून मिळणाऱ्या खात्रीवर.

उदाहरण घेऊ. जमा 50 लाख, खर्च महिना 30 हजार, परतावा वर्षाला 8 टक्के. वर्षाचा खर्च सुरुवातीलाच काढायचा आणि दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवायचा. महागाई 4 टक्के धरली तर पैसे साधारण 19 वर्षं पुरतात, 6 टक्के धरली तर 16, आणि 8 टक्के धरली तर जेमतेम 14. यातले 4 टक्के हे रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट आणि 6 टक्के ही त्याच चौकटीची वरची मर्यादा. म्हणजे चौकटीच्या आत राहूनही तीन वर्षांचा फरक पडतो. बाकी सगळं स्थिर ठेवून एकच चल हलवायचं, यालाच संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात.

आता वयाचा रकाना. 'सरासरी आयुर्मान 70' म्हणून अनेकजण साठीनंतर दहाच वर्षं धरतात. पण 70 हा जन्माच्या वेळचा अंदाज आहे, त्यात लहानपणी दगावलेलेही मोजलेले असतात. साठी गाठलेला माणूस भारतात सरासरी आणखी 18 वर्षं जगतो. तीही सरासरीच, कितीतरी लोक त्यापुढे जगतात. पैसे संपण्याचा धोका नेमका त्यांनाच असतो.

'इतर उत्पन्न' हा रकाना तर आपल्या शहरात हमखास फसवतो. वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या कामगाराची ईपीएस-95 पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. तिची किमान रक्कम 2014 मध्ये 1000 रुपये ठरली. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नोकरीला लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याच्या पेन्शनवर मात्र महागाई भत्ता मिळतो. दोघांनी समजा सारखाच आकडा भरला, तरी पंधरा वर्षांनी त्या आकड्याची किंमत सारखी राहणार नाही. मार्च 2023 मध्ये राज्य कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, त्यामागे हाही फरक होता. कॅल्क्युलेटर तो विचारतच नसेल, तर कुणा एकाचं उत्तर चुकणारच.

शेवटचा मुद्दा परताव्याच्या क्रमाचा. 50 लाखांतून दरवर्षी 4 लाख काढायचे. पहिल्या वर्षी 20 टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी 20 टक्के घट, आणि वर्षाअखेर रक्कम काढली, तर 40.8 लाख उरतात. घट आधी आणि वाढ नंतर झाली, तर 39.2 लाख. सरासरी तीच, पण 1.6 लाख कमी! साधं कॅल्क्युलेटर दरवर्षी एकच परतावा धरतं, म्हणून हे त्यात दिसत नाही. विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये सरासरीऐवजी बाजाराचा प्रत्यक्ष इतिहास वापरला. त्यातून प्रसिद्ध झालेला 4 टक्क्यांचा नियम मात्र अमेरिकेच्या आकडेवारीवर उभा आहे. तो जसाच्या तसा इथे लावणं म्हणजे बाह्य वैधता न तपासता निष्कर्ष उचलणं.

मग कॅल्क्युलेटर वापरायचं नाही का? जरूर वापरा, पण एकदाच नाही. महागाईचे तीन दर घ्या, वय 90 पर्यंत न्या, न वाढणारी पेन्शन वेगळी मांडा. घरच्यांना 'सोळा वर्षं पुरतील' असं सांगू नका. 'चौदा ते एकोणीस, आणि ते कशावर अवलंबून आहे' हे सांगा. उद्या प्रबंधातला तक्ताही असाच लिहायचाय: आकड्याशेजारी त्याची गृहीतं हवीतच.