चौथ्या अवस्थेची अपुरी गोष्ट

द्रव्याच्या अवस्था शिकवताना आपण फळ्यावर एक जिना काढतो. घन, द्रव, वायू आणि सर्वांत वर आयनद्रायू, म्हणजेच प्लाझ्मा. उष्णता देत जायचे आणि पायऱ्या चढायच्या. चित्र सुटसुटीत आहे, पण त्यात दाबाला जागाच नाही. ही उणीव किरकोळ नव्हे.

मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडलेले आयनीकरणाचे समीकरण घ्या. त्यानुसार तापमान तेच ठेवून वायू दाबला, तर आयनीकरण घटते; कारण सुटलेल्या इलेक्ट्रॉनला आयन लवकर भेटतो. ताऱ्यांच्या विरळ वातावरणात हे अगदी बरोबर आहे. मात्र वायू प्रचंड दाबला, तर उलटे घडते. अणू एकमेकांत घुसू लागतात. दोन इलेक्ट्रॉन एकाच पुंजस्थितीत राहू शकत नाहीत, हा पौलीचा नियम आडवा येतो आणि इलेक्ट्रॉन एका अणूचे न राहता साऱ्यांचे होतात. हे दाबाने झालेले आयनीकरण. जिन्यावर त्याला पायरी नाही.

दुसरा आक्षेप लोकप्रिय लेखांवर आहे. ‘सिद्धान्ताने भाकीत केले, प्रयोगाने ते खरे ठरवले’, असा त्यांचा सूर असतो. हायड्रोजनची हकिकत इतकी सरळ नाही. हवेच्या दाबाच्या सुमारे अडीच लाख पट दाबाखाली हायड्रोजन धातू बनेल, असे विग्नर आणि हंटिंग्टन यांनी १९३५ साली म्हटले. १९९६ साली अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत आघात-तरंगांनी द्रव हायड्रोजन दाबला गेला. सुमारे १४ लाख पट दाब आणि ३००० केल्विन तापमानाला तो धातूसारखी वीज वाहू लागला. पुढे त्याहून थंड ड्यूटेरियमवर प्रयोग झाले. सँडिया प्रयोगशाळेने २०१५ साली संक्रमणाचा दाब सुमारे ३० लाख पट सांगितला, तर लिव्हरमोरने २०१८ साली सुमारे २० लाख पट.

मग पुंजयामिकीची गणिते काय निवाडा करतात? इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेसाठी कोणते सन्निकटन वापरले आणि प्रोटॉनांचे पुंजस्वरूप हिशेबात धरले की नाही, यावर उत्तराचा दाब लाखो पटींनी सरकतो. गणित निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. गुरूच्या पोटात कोणी उपकरण उतरवू शकत नाही. तेथील धातुरूप हायड्रोजन आणि गुरूचे चुंबकत्व समजायला गणिताचाच आधार आहे. म्हणून तर त्याच्या मर्यादा सांगायला हव्यात.

या बाबतीत धडा घ्यावा असे लेखन आपल्या तुर्भ्याचे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील गोडवाल, सिक्का आणि चिदंबरम यांनी १९८३ साली सुमारे १० कोटी वातावरणांपर्यंतच्या दाबाखालील द्रव्याच्या अवस्था-समीकरणांचा आढावा प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच ‘सिद्धान्त’ हा शब्द अनेकवचनी आहे! सर्व दाबांना पुरेल असे एकच सोपे प्रतिमान नाही, हे विद्यार्थ्यालाही कळले पाहिजे.

तेव्हा जिना पुसून नकाशा काढावा. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब. पाण्याची द्रव-वाफ सीमारेषा ३७४ अंश सेल्सिअस आणि सुमारे २१८ वातावरणांपाशी संपते, हे दाखवावे. त्यापुढे पाणी द्रव की वायू, हा प्रश्न वर्गालाच विचारावा. हायड्रोजनच्या नकाशावर धातूची सीमा मात्र तुटक रेषेने काढावी. ती तुटक का, हे सांगण्यात गेलेली पाच मिनिटे वाया जाणार नाहीत.