भिंत मागितली कोणी?

ख्रिस्तसभा आणि राज्य यांच्यामधील ‘भिंत’ ज्या लेखनामुळे प्रसिद्ध झाली, ते मुळात एक छोटेसे उत्तरपत्र आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी ते १ जानेवारी १८०२ रोजी कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बाप्टिस्टांना लिहिले. त्याचा दाखला सारेच देतात. मुळातून ते वाचतो मात्र एखादाच.

कनेक्टिकटमध्ये तेव्हा काँग्रिगेशनल पंथ राजमान्य होता. त्याच्या धर्मगुरूंसाठी कर द्यावा लागे आणि त्यातून सुटका हवी तर बाप्टिस्टांना दाखला सादर करावा लागे. जन्मसिद्ध हक्क मेहेरबानी म्हणून पदरात पडावा, हे त्यांचे शल्य होते. (ही राजमान्यता १८१८ पर्यंत टिकली.) म्हणजे गाऱ्हाणे घेऊन आले ते नास्तिक नव्हेत, भाविक. शिवाय प्रतिमाही जेफर्सनची स्वतःची नव्हे. १६४४ मध्ये रॉजर विल्यम्स यांनी ख्रिस्तसभेला बाग आणि जगाला रान कल्पिले होते. त्यांची भिंत बागेच्या रक्षणासाठी होती.

मराठीत आपण सरसकट ‘धर्म आणि राज्य यांची फारकत’ असे लिहितो. पत्रातील त्या वाक्यात ‘चर्च’ हा शब्द आहे, आणि चर्च म्हणजे संस्था. अनुवादातच निम्मा अर्थ निसटतो.

तथापि सोयीपुरता अर्थ काढून आपल्याला मोकळे होता येणार नाही. उपवासाचे व आभारप्रदर्शनाचे दिवस आपण का जाहीर करीत नाही, हे जेफर्सन यांनी मसुद्यात लिहिले आणि पूर्वेकडील मित्र दुखावतील म्हणून खोडले. भिंतीला लावलेले ‘शाश्वत’ हे विशेषणही गेले. हा खोडलेला मजकूर १९९८ मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेने वाचनीय केला. त्यातले जेफर्सन अंतिम पत्राहून कठोर आहेत. आणि हेच गृहस्थ दोन दिवसांनी, रविवारी, प्रतिनिधिगृहाच्या दालनातील उपासनेला हजर राहिले! पत्राची मौज, आणि अडचणही, या विसंगतीत आहे.

पुढे भिंतीचा रोख फिरला. सार्वजनिक पैसा पंथीय शाळांना मिळू नये, अशी घटनादुरुस्ती जेम्स ब्लेन यांनी १८७५ मध्ये मांडली. ती फसली, पण अनेक राज्यांनी तशी कलमे स्वीकारली. त्यांचा नेम मुख्यतः कॅथॉलिक शाळांवर होता. सरकारी शाळांतून प्रोटेस्टंट बायबलचे वाचन मात्र चाले. १९४७ मध्ये एव्हरसन खटल्यात न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी ही भिंत उंच आणि अभेद्य असावी असे लिहिले, आणि त्याच निकालपत्रात न्यू जर्सीतील कॅथॉलिक शाळांच्या मुलांचे बसभाडे सार्वजनिक निधीतून देण्यास, ५ विरुद्ध ४ मतांनी, मान्यता दिली.