अरुणोदयानंतरची दुपार

बेंगळूरच्या मिलर्स रोडवर ख्रिस्ती पाळकांना धर्मशिक्षण देणारे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. ते १९१० साली स्थापन झाले. कचेरीस जाता-येता त्याच्या फाटकावरून जाण्याचा आम्हांस नेहमी प्रसंग येतो, आणि दर वेळी मनात एकच प्रश्न उभा राहतो. पुढे कोठल्या तरी गावी जाऊन जन्मभर दुसऱ्यांच्या सुखदुःखांना सोबत करणाऱ्या माणसाचे स्वतःचे आयुष्य आमच्या मराठी वाङ्मयाने कधी नीट न्याहाळले आहे काय?

न्याहाळले आहे, आणि तेही दोन निरनिराळ्या बाजूंनी. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८८ साली प्रसिद्ध झाले. ते एका पाळकाने स्वतःविषयी लिहिले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत बाहेर आली. त्यांत पाळकाची कहाणी त्याच्या पत्नीने सांगितली आहे. गेल्या पावसाळ्यात काविळीने आम्ही दीड महिना अंथरुणाला खिळलो असता हे दोन्ही ग्रंथ ओळीने वाचले. धडधाकट माणसाचे वाचन वेगळे आणि आजाऱ्याचे वेगळे. भाषा कशी, रचना कशी, हे आजारी माणूस मागाहून पाहतो. आधी तो ग्रंथाला एवढेच विचारतो की, बाबा रे, तू जी श्रद्धा सांगतोस ती उठून बसवत नाही त्या दिवशी काय करते? याच कसोटीवर या दोन ग्रंथांकडे पाहावे, असा आमचा विचार आहे.

बाबा पदमनजी हे बेळगावचे. जन्म १८३१ चा. बेळगाव आज कर्नाटकात आहे, म्हणून आम्हां बेंगळूरकर मराठी मंडळींना ते एका अर्थी राज्यबंधूच वाटतात. १८५४ साली बेळगावातच त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ‘यमुनापर्यटन’ ही विधवांच्या दुःस्थितीवरील त्यांची कादंबरी १८५७ ची. आमचे इतिहासकार तिच्यापाशी क्षणभर थांबतात, ‘मराठीतील पहिली कादंबरी’ असा शिक्का मारतात आणि पुढे निघून जातात. ‘अरुणोदया’च्या वाट्याला तेवढेही थांबणे आले नाही. मिशनरी प्रचाराचे पुस्तक म्हणून ते बाजूस ठेवण्याची रीतच पडून गेली.

हा आक्षेप सर्वस्वी खोटा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. प्रचार त्यात आहे, खंडनमंडन आहे, वाचकाचा हात धरून त्याला एका ठराविक दाराशी नेण्याची घाई आहे. परंतु ज्या धर्माचा त्यांनी त्याग केला, त्या धर्मातील घराचे चित्र त्यांनी ज्या बारकाईने रेखाटले आहे, ते निव्वळ द्वेष्ट्याच्या हातून उतरणे शक्य नव्हे. नवससायास, व्रतवैकल्ये, वडील माणसांची भाबडी निष्ठा ही सारी त्यांनी सोडली. पण ती ते विसरलेले नाहीत. पुस्तकाचे खरे तेज तर परमहंस सभेविषयीच्या भागात आहे. १८४९ साली मुंबईस निघालेली ही गुप्त मंडळी जातिभेद मोडू पाहत होती. परजातीच्या हातची भाकर खाऊन सभासद आपला निश्चय सिद्ध करीत. मात्र हे सारे दाराला कडी घालून. पुढे सभासदांची यादी बाहेर फुटल्याचा बोभाटा झाला आणि सभा विखुरली. तरुण बाबांना तेथे जे टोचले, ते केवळ धर्मशास्त्राचे नव्हते. आत एक आणि बाहेर एक असे जगणे त्यांना पेलेना. जे पटले ते उघडपणे आचरावयाचे की नाही, हा तो प्रश्न होता, आणि तो कोणत्याही धर्माच्या माणसाला, किंबहुना धर्म न मानणाऱ्यालाही, आजही टोचल्यावाचून राहणार नाही.

आमची तक्रार वेगळीच आहे. हे पुस्तक पहाटेपाशीच संपते. त्याचा सारा ओघ दीक्षेकडे वाहतो आणि ती झाली की कथनाची निकड सरते. इंग्रजी भाषांतर १८९० साली निघाले, तेव्हा त्याच्या नावातही पूर्वायुष्याचाच उल्लेख करण्यात आला, तो यथार्थ होय. पुढील हकीकत याहून कमी मोलाची होती काय? बाबा पुण्यास पाळक झाले. प्रकृती साथ देईना, म्हणून १८७३ च्या सुमारास त्यांना ते काम सोडावे लागले. ज्या उपदेशासाठी घरदार दुरावले, त्याच उपदेशाची जागा आजाराने काढून घेतली. दीक्षेपूर्वीचा संशय ज्याने इतक्या प्रामाणिकपणे नोंदवला, त्याच्या मनात या वेळी काय उठले असेल? ‘अरुणोदय’ छापले गेले ते यानंतर पंधरा वर्षांनी. म्हणजे सांगण्यास अवसर नव्हता असेही नाही. आम्हांस वाटते ते असे की, त्यांच्या डोळ्यांपुढचा वाचक उंबरठ्यावर घुटमळणारा तरुण होता. त्याला वाट दाखवावयाची, तर मुक्कामावर पोहोचल्यानंतरचा थकवा सांगून कसे चालेल? हेतूने लेखकाला बळ दिले आणि हेतूनेच त्याचे तोंडही बंद केले.

जे त्यांनी सांगितले नाही, ते त्यांच्या ग्रंथसंपदेवरून काहीसे कळते. व्यासपीठ सुटले, पण लेखणी सुटली नाही. कोशाच्या कामाचा हात आधीच बसलेला होता. ‘शब्दरत्नावली’ १८६० ची, आणि मोल्सवर्थच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाचा त्यांनी केलेला संक्षेप १८६३ चा. आता धार्मिक पुस्तके प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांसाठी लिहिणे, तपासणे, भाषांतरणे हाच त्यांचा व्यवसाय झाला. १८७७ साली नव्या करारावरील त्यांची टीका बाहेर आली. लहानमोठी मिळून शंभरावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. १९०६ साली ते वारले. म्हणजे व्यासपीठ सोडल्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ ते मेजापाशी बसून होते. मेजापाशी बसण्यात आयुष्य घालविणाऱ्या आम्हां कारकुनांना या तीस वर्षांविषयी विशेष कुतूहल वाटावे, यात नवल नाही. मेजावरच्या कामालाही धर्मकार्य मानता येते की नाही, हे ‘अरुणोदय’कारांइतके अधिकाराने कोण सांगू शकले असते?

ही दुपार पाहावयास मिळते ती ‘स्मृतिचित्रां’त. नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईस ख्रिस्ती झाले. पत्नी आणि लहानगा मुलगा मागे राहिले. लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या पाच वर्षांनी, १९०० मध्ये. टिळकांना पाळकपदाची दीक्षा १९०४ साली मिळाली. टिळकांनी स्वतः आत्मचरित्र लिहिले असते, तर तेही कदाचित एक ‘अरुणोदय’च झाले असते. सुदैवाने लेखणी पत्नीच्या हाती गेली आणि श्रद्धेचा हिशेब स्वयंपाकघराच्या वहीत मांडला गेला. पैसा हाती न टिकणारा, क्षणात रागावणारा, क्षणात विरघळणारा हा कवी त्यांनी न झाकता दाखविला आणि तरीही त्याचे मोठेपण कोठे उणे होऊ दिले नाही.

आमच्या कसोटीला उतरणारा भाग प्लेगच्या दिवसांचा आहे. लक्ष्मीबाईंचे माहेर सोवळ्याने पछाडलेले. वडील मीठ, साखरदेखील धुऊन घेत! अशा घरातली मुलगी नगरला प्लेगने आजारी पडलेल्या मुलींच्या शुश्रूषेला उभी राहते. धर्मांतर म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हांस दुसरीकडे आढळले नाही. मुख्य म्हणजे, आपण फार मोठे काही केले असा सूर त्या कोठेही लावीत नाहीत. ‘अरुणोदया’त प्रतिपादन करून जे पटवावे लागते, ते येथे शुश्रूषेच्या साध्या हकिकतीतून पटते.

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची बांधलेली नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा ध्यास घेतला. पन्नाशी उलटल्यावर आलेली ही हाक त्यांनी उलट हिशेब न करता घेतली. हिशेब घरच्यांनी केला. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. अक्षरओळख लग्नानंतर पतीकडून झालेल्या या बाईंनी! त्यांचे लेखनही दुःखाने रिकामी केलेल्या जागेतूनच उगवले, जसे बाबांचे उत्तरायुष्य आजाराने रिकाम्या केलेल्या जागेतून.

तेव्हा या दोहोंत कोणता ग्रंथ थोर, या वादात आमच्या मते फारसा अर्थ नाही. कलाकृती म्हणून ‘स्मृतिचित्रे’ कितीतरी वरचढ आहेत, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच नाही. परंतु ‘अरुणोदय’ अडगळीत टाकून आपण एका प्रामाणिक संशयी मनाची पहाट गमावतो, आणि बाबांचे उत्तरायुष्य कोणी साक्षेपाने लिहिले नाही तर त्यांची दुपारही गमावू. त्यांची पुस्तके, प्रस्तावना, कोशांच्या आवृत्त्या ही सामग्री थोडी नाही. धर्मासाठी नव्हे, तर मराठी गद्य घडविणाऱ्या एका हातासाठी तरी हे काम कोणी अंगावर घ्यावे.

आमची रजा संपली आणि आम्ही पुन्हा कामावर रुजू झालो. फायलींचा ढीग पूर्वीपेक्षा वाढलेला होता. आजाराने काढून घेतलेल्या व्यासपीठाविषयी एक ओळही न लिहिता शब्द वेचीत बसलेला तो गृहस्थ त्या दिवशी आम्हांस बराच वेळ आठवत राहिला. वाचकांनी हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून, आधी ‘अरुणोदय’ व मग ‘स्मृतिचित्रे’ अशा क्रमाने, एकवार वाचून पाहावेत, इतकीच आमची विनंती आहे.