दान कशावर टाकायचे?

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वरात, शिव-पार्वतीचा सारीपाट कोरलेला आहे. लेणे साधारण सहाव्या शतकातले. वर दोघे पटाशी बसले आहेत आणि खालच्या पट्ट्यात नंदीभोवती गणांचा धुडगूस चालला आहे. हाच प्रसंग धुमार लेण्यातही आहे. पुराणकथांत या खेळात शिव हरतो. जग चालवणाऱ्यालाही फाशाचे दान मान्य करावे लागते, ही कल्पना शिल्पकारांना इतकी आवडली की एकाच डोंगरात त्यांनी ती पुन्हा पुन्हा कोरली. मी हे शिल्प विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवले आहे. पण त्याकडे खेळणाऱ्याच्या नजरेने पाहायला लागलो तो गेल्या चार वर्षांत, दर शनिवारी संध्याकाळी सिडकोतल्या एका फ्लॅटमध्ये फासे टाकू लागल्यापासून.

आम्ही पाच जण आहोत. एक औषधांच्या दुकानात बसतो, एक वाळूजला कारखान्यात पाळीवर जातो, एक कायद्याची विद्यार्थिनी, एक संगणकवाला. आणि मी, मराठी शिकवणारा, वयाने सगळ्यांत मोठा आणि खेळात सगळ्यांत कच्चा. पहिले सहा महिने मला कच्चा लिंबू म्हणूनच घेतले होते. खेळ आहे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. या खेळाकडे संहिता आणि प्रयोग या अंगांनी पाहावे, आणि आपल्या मुलखात त्याचे सगेसोयरे कोण आहेत ते शोधावे, एवढाच या लेखाचा मूळ हेतू होता. तो वाटेत थोडा बदलला.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, ‘समोर भुयार आहे, आतून धूर येतोय.’ गडी आपले पात्र काय करते ते सांगतात. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. दान मोठे पडले तर जमले, नाही तर फसले. पट असलाच तर नावापुरता. जिंकणे-हरणे नाही, शेवट नाही. गोष्ट महिनोन्महिने चालते. सुरुवातीला आमच्याकडे तसा फासा नव्हता, तेव्हा स्टीलच्या वाटीत एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून आम्ही महिनाभर खेळलो. काही अडले नाही.

या खेळाचा उगम युद्धशास्त्रात आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ या लेफ्टनंटने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ नावाचा नकाशावरचा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात पंच होता, फासे होते. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली याने असा एक खेळ मांडताना एक वेगळी गोष्ट केली: एका काल्पनिक गावातल्या माणसांच्या भूमिका त्याने एकेका गड्याला वाटून दिल्या. त्या खेळात असलेल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ती कल्पना अद्भुताच्या प्रदेशात नेली, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व आर्नेसन यांनी तीन छोट्या पुस्तिकांचा संच काढला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. सैन्याच्या जागी एकेकटा माणूस आला, एवढाच खरा बदल. पण पुढचे सगळे त्यातून निघाले.

आता सगेसोयरे. सिंधुदुर्गातला दशावतार ज्यांनी रात्रभर जागून पाहिला आहे त्यांना आमचे टेबल ओळखीचे वाटेल. दशावतारी कंपनीजवळ लिखित संहिता नसते. आख्यान कोणते आणि कोण कोणते पात्र घेणार हे आधी ठरते, आणि मग रंगमंचावर संवाद ज्याचे त्याने उभे करायचे. समोरच्याने टाकलेला शब्द उचलायचा, अडचणीत आणायचे, अडचणीतून सुटायचे. वर्षानुवर्षे तेच नट एकमेकांसमोर उभे राहिल्याने त्यांना एकमेकांच्या खोड्या पाठ असतात, आणि खेळ रंगतो तो त्या ओळखीमुळे. आमच्याकडेही हेच घडते. औषधवाल्याचा योद्धा दार दिसले की लाथ मारणार हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. गंमत त्याने एखाद्या शनिवारी दार वाजवले तर येते. तमाशातली बतावणीही याच घराण्यातली.

फरक मात्र मोठा आहे. दशावतारात राक्षस मरणार हे पुराणाने ठरवलेले असते; तो कसा मरतो, मरण्याआधी किती बोलतो, एवढेच नटाच्या हाती. इथे राक्षस मरेलच असे नाही. दान पडले नाही तर नायक मरतो, आणि सूत्रधारालाही ते पुसता येत नाही. दुसरे, इथे प्रेक्षक नाही. बोलणारा आणि ऐकणारा तेच पाच जण. (इंटरनेटवर आता लोक दुसऱ्यांचा खेळ तासन्‌तास पाहतात, पण तो वेगळा व्यवसाय झाला.) प्रेक्षक नसल्याने या प्रयोगाची समीक्षा करणेही अवघड: जो पाहतो तो खेळतच असतो. गॅरी अ‍ॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये या खेळगड्यांवर पुस्तक लिहिले, तेही गटांत स्वतः खेळून. तो म्हणतो त्याचा सारांश असा की टेबलावर प्रत्येक जण तीन पातळ्यांवर ये-जा करत असतो: माणूस, गडी आणि पात्र.

या तीन पातळ्यांना आमच्याकडे तीन भाषा मिळाल्या, ही मला सर्वांत रोचक वाटलेली गोष्ट. चहा कुणी करायचा ही चर्चा मराठीत. नियमांवरची भांडणे अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. आणि पात्र बोलू लागले की चक्क इंग्रजी, तीही मालिकांतून उचललेली. कारखान्यातून थकून आलेला माणूस एल्फ झाला की लंडनच्या सरदारासारखा बोलायचा. मी मराठीचा आग्रह धरला तेव्हा जे घडले ते त्याहून वाईट होते: सगळी पात्रे जुन्या ऐतिहासिक नाटकांतली मराठी बोलू लागली. अद्भुतासाठी आपल्याकडे जिवंत बोली उरलेली नाही. १८६१ ची ‘मुक्तामाला’, १८६८ ची ‘मंजुघोषा’ यांच्या काळात मराठी कादंबरी अद्भुतात रमलेली होती. नंतर वास्तववादाने तिला शहाणे केले आणि समीक्षेने अद्भुत मुलांच्या कपाटात टाकले. ते ओझे आमच्या टेबलापर्यंत आले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. कोंडी फुटली ती एका शनिवारी, सूत्रधार असलेल्या कायदेवालीने सरायवाल्याच्या तोंडी दखनी घातली तेव्हा. ‘नक्को, जगा नक्को पूछो’, असे काहीतरी ती बोलली. आम्ही हसलो आणि त्या सरायीत दोन शनिवार मुक्काम केला. तिथून पुढे पात्रांना आपापली बोली सापडत गेली. वाळूजवाल्याचा एल्फ आता कन्नडकडची मराठी बोलतो.

इथपर्यंत सगळे सुखाचे होते. मग मी पात्रपत्रिका मराठीत केली.

पात्रपत्रिका म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद: नाव, बळ, चपळाई, बुद्धी, शस्त्रे. त्यात ‘रेस’ असा रकाना असतो. माणूस, एल्फ, ड्वार्फ, ऑर्क यांपैकी काय ते तिथे लिहायचे. वंश हा शब्द मला पुस्तकी वाटला. मी सरळ ‘जात’ लिहिले आणि पाच प्रती काढल्या. संगणकवाल्याने कागद पाहिला, पेन खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाला, “सर, हा रकाना मी भरणार नाही.” तो मिलिंद महाविद्यालयात शिकलेला. त्याचे वडील नामांतराच्या आंदोलनात होते. मी घाईने म्हणालो, अरे, हे खोटे खोटे आहे. तो म्हणाला, “मग शब्द खरा कशाला घेतला?”

मी कागद परत घेतले. पण घरी आल्यावर जुन्या नियमपुस्तिका काढून बसलो, आणि शब्द मी चुकीचा घेतला होता की नकळत बरोबर घेतला होता, हे कळेनासे झाले. १९७४ च्या नियमांत ड्वार्फला योद्धाच होता येते, आणि तेही सहाव्या पातळीपर्यंतच. त्याने कितीही पराक्रम केला तरी सातवी पायरी नाही. जादूची विद्या त्याला बंद. एल्फला विद्या आहे, पण आठव्या पातळीवर थांबायचे. माणसाला मात्र कुठेही मर्यादा नाही. १९८१ च्या प्राथमिक संचात तर हे आणखी सोपे केले: ड्वार्फ हाच व्यवसाय, एल्फ हाच व्यवसाय. माणसाने योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर यांतून निवडावे. ड्वार्फने ड्वार्फ असावे. विस्कॉन्सिनमध्ये बसून युद्धखेळ खेळणाऱ्या मंडळींनी खेळाचा तोल साधण्यासाठी केलेली ही सोय आहे, त्यांना शंबूक आणि एकलव्य माहीत असण्याचे कारण नाही. तरीही जन्मावरून विद्येचा अधिकार ठरवणारे कोष्टक, पातळ्यांच्या आकड्यांसह, मी छापील स्वरूपात पहिल्यांदा पाहिले ते एका खेळाच्या पुस्तकात.

ड्वार्फला जादू शिकायला २००० सालची तिसरी आवृत्ती उजाडावी लागली. जन्मावरून मिळणारे गुणांचे वाढीव आकडे मात्र पुढेही राहिले. २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्द गेला, त्याजागी जीवशास्त्रातला ‘स्पीशीज’ आला, आणि वाढीव आकडे पात्राच्या पूर्वायुष्याला, म्हणजे ते आधी कारागीर होते की सैनिक की शेतकरी याला, जोडले गेले. तिकडे याचे सुधारणा म्हणून स्वागत झाले, काहींनी नाके मुरडली. बलुतेदारीच्या मुलखात वाचणाऱ्याला यात निराळीच गंमत दिसते: जन्माकडून काढले आणि धंद्याकडे दिले. आपल्याकडे ती दोन खाती कधी वेगळी होती?

भूमिका घेण्याचेही तसेच. एकनाथांनी पैठणला भारुडांत अनेकांची सोंगे घेतली. विंचू चावलेला, जोशी, वासुदेव, आणि जोहारांत महार. सोंग घेऊन दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याची ही आपल्याकडची फार मोठी परंपरा आहे, सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे यांच्यासारख्या कलावंतांनी ती आपल्या काळापर्यंत गाजती ठेवली, आणि मी वर्गात नेहमी तिचे गुणगान करतो. पण सोंग घेणारा आणि ज्याचे सोंग घेतले तो, यांच्यातला हिशेब आपण क्वचितच मांडतो. नाथांना सोंग उतरवता येत होते. शिवाय याच मुलखात बहुरूपी आहेत. आज पोलीस, उद्या वैद्य असे रूप घेऊन दारोदार फिरणारी ही माणसे सरकारी यादीत भटकी जमात आहेत. त्यांच्याकडे दुसऱ्याचे रूप घेणे हेच जन्माने वाट्याला आलेले काम. आम्ही शनिवारी हौसेने करतो ते त्यांनी पोटासाठी केले, आणि त्यांना ‘तुमचे पात्र कोणते’ असे कुणी विचारले नाही. हे लिहिताना मला आमचा खेळ थोडा ओशाळवाणा वाटतो, हे कबूल करतो.

संगणकवाला पुढच्या शनिवारी आला. शब्दाचा विषय कुणी काढला नाही. रकाना कोरा ठेवून खेळ चालू राहिला. यंदाच्या उन्हाळ्यात कायदेवालीने नवी गोष्ट मांडली. एल्फ-ऑर्क सगळे बाजूला. स्थळ देवगिरी, काळ यादवांचा. भुयार म्हणजे किल्ल्यातली अंधारी, जी आम्ही सगळ्यांनी शाळेच्या सहलीत वटवाघळांच्या वासासकट पाहिली आहे: वळणे घेणारी वाट, मध्येच खंदकात उतरवणारा फसवा झरोका, वरच्या तोंडाशी धूर कोंडायची सोय. परदेशातल्या कुणी काढलेल्या नकाशापेक्षा ही जागा खेळाला शंभर पटींनी चांगली होती. मी महानुभाव पंथातला भिक्षुक घेतला. लीळाचरित्रात चक्रधरांच्या पूर्वायुष्याची जी कथा आहे, हरपाळदेव जुगारात हरतो, पत्नी दागिने द्यायला नकार देते आणि तो घर सोडतो, ती मला माझ्या पात्राला वापरायची होती. फाशापासून सुरू झालेले वैराग्य!

संगणकवाल्याने पाथरवट घेतला. कातळ तासणारा, खंदक खोदणाऱ्यांतला. पहिल्या संध्याकाळी आमची टोळी गडाखालच्या वस्तीच्या वेशीपाशी पोचली. त्याने विचारले, “मी आत येऊ शकतो का?”

टेबलावर कुणी बोलले नाही. कायदेवालीने नियमाप्रमाणे जे करायचे ते केले. निकाल अनिश्चित असेल तिथे फासा. ती म्हणाली, “दान टाक. पंधराच्या वर पडलं तर पहारेकरी सोडतो.”

त्याने फासा हातात घेतला, थोडा वेळ तळहातावर फिरवला आणि तिच्यापुढे ठेवला. “यावर मी टाकणार नाही. सोडतो की नाही ते तू सांग. तुझं जग आहे.”

मला वाटते, या खेळावर मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात इतकी नेमकी समीक्षा नाही. सूत्रधाराची खरी सत्ता राक्षस उभे करण्यात नसते. काय फाशावर सोडायचे आणि काय आधीच ठरलेले धरायचे, हे तो ठरवतो. आकाश निळे आहे यावर कुणी दान टाकत नाही. १९७४ च्या पुस्तिकेत ड्वार्फच्या सहाव्या पायरीवरही कुणाला दान टाकायला मिळत नव्हते. दान मागणे म्हणजे शक्यता देणे असे कायदेवालीला वाटले होते, आणि त्यात तिची चूक नव्हती. त्याला मात्र आपला प्रवेश नशिबाच्या खात्यात जायला नको होता. कुणीतरी तो नाकारतो किंवा देतो, आणि त्या कुणाला तरी तोंड असते, हे त्याला दिसायला हवे होते.

ती बराच वेळ विचार करत बसली. चहा निवला. मग तिने पहारेकऱ्याला नाव दिले, घर दिले, आणि त्याच्या तोंडून स्पष्ट शब्दांत नकार दिला. पाथरवट वेशीबाहेर थांबला. माझा भिक्षुक आत जाऊ शकत होता. मी सांगितले की तोही बाहेरच थांबतो. औषधवाल्याचा योद्धा सवयीने वेशीच्या दाराला लाथ मारायला निघाला, त्याला आम्ही धरून ठेवले. तीन शनिवार आम्ही त्या वेशीबाहेरच खेळलो. गडावर जायची दुसरी वाट कातळातून आहे आणि ती पाथरवटालाच ठाऊक आहे, हे तिसऱ्या शनिवारी उघड झाले. दिवाळीनंतर आम्ही ती चढायला घेणार आहोत.