एनसीडीयूचं मॅन्युअल: कबुली एकीकडे, धोका दुसरीकडे

घरच्या सर्व्हरवर मुलांचे व्हिडिओ, भारतातून आणून स्कॅन केलेले आल्बम आणि आई-बाबांच्या आवाजातल्या फाइली साचल्या असतील, डिस्क भरत आली असेल, तर टर्मिनलवर चालणारं एनसीडीयू तुम्ही वापरत असालच. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली, ते हा प्रोग्रॅम उतरत्या क्रमाने मांडतो आणि तिथल्या तिथे ‘डी’ दाबून पुसूही देतो. योरान हेलिंग यांच्या या प्रोग्रॅमचं कौतुक पुष्कळ झालंय. त्याचं मॅन्युअल मात्र कोणी वाचत नाही, आणि ते वाचण्यासारखं आहे.

सेटिंगचा भाग चोख आहे. ‘एक्स’ दिला की शोध एकाच फाइल सिस्टिमपुरता राहतो, ‘आर’ दिला की पुसणं बंद, ‘आर’ दोनदा दिला की शेलही बंद. नेहमीचे पर्याय कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवता येतात.

खरी गंमत शेवटच्या, दोषांच्या भागात आहे. फोल्डर 8 एक्सबीबाइटच्या पुढे गेला तर आकडा तिथेच अडकेल, हे लेखक सविस्तर सांगतो. म्हणजे जवळपास 84 लाख टेबीबाइट! चौऱ्याऐंशी लाख योनी फिरून आलात तरी एवढे फोटो साठायचे नाहीत. तरीही सांगितलंय, हे मला आवडतं.

पण त्याच भागात एक कबुली आहे जी आपल्याला खरोखर लागू पडते. रोजचा बॅकअप हार्ड लिंकने ठेवत असाल, तर एकच फाइल अनेक तारखांच्या फोल्डरांत दिसते. डिस्कवर जागा एकदाच जाते. कुठला फोल्डर काढल्यावर खरंच किती जागा सुटेल, हे कळावं म्हणून ‘सामायिक’ आणि ‘स्वतःची’ जागा दाखवणारा रकाना दिलाय. मात्र मध्येच एखादी हार्ड लिंक पुसली गेली की हे आकडे भलतेच चुकतात. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवावा लागतो. म्हणजे ज्या आकड्यांवर विसंबून तुम्ही पहिला फोल्डर पुसता, ते दुसरा पुसताना भरवशाचे राहिलेले नसतात. ही सूचना ‘डी’च्या वर्णनाशेजारी हवी होती. ती आहे पार तळाशी.

आणि एका ओळीत उरकलेली कबुली: बहुबाइट अक्षरांची फाइलनावं दाखवताना ‘किरकोळ’ गडबड होऊ शकते. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. ‘क्ष’ लिहायला अशी तीन चिन्हं लागतात. ‘आजी_लक्ष्मीपूजन’ आणि ‘आजी_लक्ष्मीपूजन_जुने’ यांतलं नेमकं कुठलं पुसायचं, हे ओळखायला पडद्यावर नावाशिवाय दुसरं काय असतं? नाव नीट उमटलं नाही, तर ते किरकोळ कोणाला? 8 एक्सबीबाइटला अख्खा परिच्छेद, आणि आपल्या लिपीला एक विशेषण.

मी प्रोग्रॅम सोडलेला नाही. आधी ‘आर’ देऊन पाहतो, काय काढायचं ते कागदावर लिहितो, आणि प्रत्येक मोठा फोल्डर पुसल्यावर पुन्हा सुरुवातीपासून मोजतो.