आंधळी आई, गाणारे पुत्र

हिंदी चित्रपटात ख्रिस्ती माणूस आला की तो दारूच्या गुत्त्यावर दिसणार, मोडकीतोडकी हिंदी बोलणार आणि गळ्यातला क्रूस सावरीत मारामारी करणार, ही आमच्या समाजाची जुनी तक्रार आहे आणि ती रास्तच आहे. या तक्रारीचा पुरावा म्हणून बहुधा मनमोहन देसाई यांच्या 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटाचे नाव पुढे केले जाते. त्यातला अँथनी देशी दारूचा गुत्ता चालवतो, देवाशी भागीदारी असल्यासारखा बोलतो आणि प्रेमात मार खाऊन आल्यावर आरशातल्या प्रतिबिंबाला मलमपट्टी करतो. हे सारे खरे आहे. परंतु हा चित्रपट ख्रिस्ती माणसाला कसा दाखवतो याचीच चर्चा आपण करीत आलो आहोत. तो त्याला कसा ऐकवतो, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण हा चित्रपट मुळात एका आंधळ्या आईचा आहे, आणि आंधळ्या आईला पुत्र भेटायचे तर ते आधी कानांनीच भेटणार.

कथा सर्वश्रुत आहे. तिच्यात फार वेळ घालविण्याचे कारण नाही. १५ ऑगस्टच्या दिवशी एका कुटुंबाची ताटातूट होते. क्षयाने गांजलेली आई चिठ्ठी लिहून जीव द्यायला निघते, वाटेत झाडाची फांदी अंगावर कोसळते आणि तिची दृष्टी जाते. बापाने बागेतल्या गांधीजींच्या पुतळ्यापाशी सोडलेली तीन मुले तीन घरी वाढतात : थोरला हिंदू पोलीस अधिकाऱ्याच्या घरी, धाकटा मुसलमान शिंप्याच्या घरी, आणि मधला चर्चच्या पायरीवर झोपलेला आढळल्यामुळे धर्मगुरूंपाशी. या मधल्या मुलाचे नाव अँथनी. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून आपल्या घराघरांतून ज्या पादुआच्या संत अंतोनीचा धावा केला जातो, त्याचेच नाव हरवलेल्या मुलाला मिळावे हा योगायोगही असेल, पण आपल्या वाचकांच्या तो ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

आईचे नाव भारती. तीन धर्मांत वाढलेले तीन सख्खे पुत्र आरंभीच एकाच वेळी तिला रक्त देतात, आणि त्या रक्तदानावरच चित्रपटाची नामावली झळकते. तिघांच्या दंडांतून निघालेले रक्त एकाच बाटलीत चढते व तेथून थेट आईच्या अंगात उतरते. रक्तपेढीत काम करणाऱ्या कोणाही परिचारिकेला हे पाहून घेरी यावी! पण हे रूपक आहे आणि ते उघडउघड आहे. निर्वाणा रॉय म्हणावे इतकी ज्यांनी पडद्यावर आई होऊन आसवे गाळली, त्या निरूपा रॉय भारतमाता म्हणून खाटेवर निजल्या आहेत, हे शाळकरी पोरालाही कळते. म्हणून त्या रूपकाविषयी अधिक लिहिण्यात आम्हांस रस नाही. रस आहे तो दुसऱ्या गोष्टीत. पुत्र शेजारी असून आईला ते ओळखू येत नाहीत, कारण त्या खोलीत तिघेही मुके आहेत. गातो तो पार्श्वगायक, महंमद रफी. आणि त्याचे गाणे प्रेक्षकांसाठी आहे, तिच्यासाठी नाही.

यापुढे कुटुंबाच्या ओळखी पटतात त्या दोन रीतींनी. एक रीत वस्तूंची. लहानपणी जमिनीत पुरलेले खेळण्यातले पिस्तूल वर निघते आणि बापलेकांना एकमेकांची खूण पटते. ही रीत जुन्या नाटक-कादंबऱ्यांपासून चालत आलेली असून देसाई ती सराईतपणे, पण काहीशा घाईने उरकतात. दुसरी रीत मात्र त्यांची स्वतःची आहे, आणि तिच्यापाशी ते रमतात. माणसे जमली आहेत, कोणीतरी समोर उभे राहून गात आहे, आणि त्या गाण्याच्या भरात जे दडलेले होते ते उघडे पडते आहे, अशी ती रीत. अकबराची कव्वाली घ्या. रंगमंच, टाळ्यांची लय, पेटी-ढोलक, समोर खच्चून भरलेला श्रोतृसमुदाय. त्यात सलमा बुरख्यात बसली आहे, तिचा तापट बाप आहे, आणि खुशीत आलेला अँथनीही आहे. कव्वालीचे सारे बळ समोरच्या श्रोत्यावर असते. गायक एखादी ओळ फेकतो, ती कोणाला लागली हे पाहतो, आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी अधिक धीटपणे, त्याच माणसाकडे वळवतो. ध्वनिमुद्रिकेवर ही कव्वाली आम्ही अनेकदा ऐकली आहे व ती उत्तमच आहे. परंतु ध्वनिमुद्रिकेला कोणाकडे पाहता येत नाही. पडद्यावर अकबर पाहतो, आणि शेवटी बुरखा दूर होतो. प्रत्यक्ष मैफलीचा आनंद म्हणजे नेमके काय, हे कोणा जाणत्याने विचारले तर या प्रसंगाकडे बोट दाखवावे. तेथे ऐकणाराही गाण्यात सामील असतो. त्याच्या एका हालचालीने गाणे बदलते.

हाच धागा पुढे आईपर्यंत जातो. गुंडांच्या तावडीतून निसटलेली भारती चाचपडत साईबाबांच्या मंदिराशी येते. आत अकबर गातो आहे, भक्तांचा मेळा साथ करतो आहे. मूर्तीच्या नेत्रांतून दोन ज्योती निघतात, तिच्या डोळ्यांत शिरतात, आणि तिला दिसू लागते. या चमत्काराविषयी आपल्यापैकी अनेकांनी नाक मुरडले आहे. कोणी श्रद्धेच्या अंगाने, कोणी बुद्धिवादाच्या अंगाने. आम्ही त्या वादात शिरत नाही. आम्हांस या प्रसंगाची रचना पाहावीशी वाटते. आंधळी बाई आधी ऐकते, ऐकलेल्या आवाजाच्या रोखाने सरकते, आणि मग पाहते. संत मार्कच्या शुभवर्तमानातला (१०:४६-५२) यरीहोच्या वाटेवरचा बार्तिमय आठवावा. त्यालाही येशू आधी दिसला नाही. समुदायाची चाहूल लागली, नाव कानी पडले, आणि त्याने हाक मारली. विश्वास ऐकण्यातून येतो, असे संत पौलानेही रोमकरांस (१०:१७) लिहून ठेवले आहे. देसाई यांनी पौल वाचला होता असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. परंतु लोकांच्या मनात श्रवणाला दर्शनाआधीचे स्थान आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. शिवाय ज्याच्या गाण्याने आईला दृष्टी येते, तो गाणारा तिचाच धाकटा पुत्र आहे आणि ते दोघांनाही ठाऊक नाही. मायलेकांची भेट झाली आहे, ओळख व्हायची आहे; आणि मधल्या वेळात आहे ते केवळ गाणे. सबंध चित्रपटात याहून हळुवार असे काही आम्हांस आढळले नाही.

आता आमची खरी तक्रार. अकबराला कव्वाली मिळाली आणि भजनही मिळाले. अँथनीला काय मिळाले? ईस्टरच्या दिवशी भलेमोठे अंडे फुटते आणि त्यातून टोपी, छत्री व एकडोळी चष्मा अशा थाटात तो बाहेर पडतो. आपले नाव, पत्ता व एकटेपण यांची जाहिरात करतो, मध्येच मोठमोठ्या इंग्रजी शब्दांची निरर्थक फैर झाडतो. अमिताभ बच्चन यांनी ही फैर स्वतःच्या आवाजात झाडली आहे आणि गाणे किशोरकुमारचे आहे; दोघांचीही कामगिरी अशी की हसू आवरत नाही. आम्हीही हसलो. पण प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाचे गाणे म्हणून ज्या चित्रपटापाशी अंड्यातून निघालेला विदूषक आहे, त्यापाशी चर्चच्या आत गायले जाणारे एकही भक्तिगीत असू नये, हे खटकते. धर्मगुरू आहेत, ते सज्जन आहेत, मेणबत्त्या आहेत, वेदी आहे, गायनवृंद नाही. ज्या काळी हा चित्रपट निघाला त्या काळी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरची (१९६२-६५) उपासना लोकभाषेत आली होती, आणि पेटी-तबल्याच्या साथीने मिस्सा गाण्याचे नवे वळण आपल्याकडे अनेक धर्मग्रामांत रुळू लागले होते. तो सूर मुंबईतल्या चित्रपटकाराच्या कानावर गेला नसेल? हिंदूचा देव गाण्याने प्रसन्न होतो, मुसलमानाचे प्रेम गाण्याने फळते, आणि ख्रिस्ती माणूस मात्र सणासुदीला नुसता नाचतो, अशी विभागणी येथे होते. दारूच्या गुत्त्यापेक्षा आम्हांस हा अन्याय मोठा वाटतो.

मात्र पडद्यावर गप्प असलेला हा समाज पडद्यामागे सतत वाजत होता, आणि येथे हा चित्रपट स्वतःहून वर निराळाच ठरतो. अँथनी गोन्साल्विस हे गाण्यातले नाव कोणा काल्पनिक इसमाचे नाही. साष्टीतल्या माजोर्डा गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक व संगीतसंयोजक होते. वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांतून मुलांना स्वरलेखन व वाद्यवादन शिकविण्याची जी रीत होती, तिच्यातूनच ही मंडळी घडली : सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अंतोनियो झेवियर वाझ. पोटासाठी ते मुंबईस आले. हिंदी संगीतकाराने चाल गुणगुणावी आणि यांनी तिच्याभोवती व्हायोलिनांची, ट्रम्पेटांची, चेलोंची वस्त्रे विणून ती कागदावर उतरवावी, असा तो व्यवहार होता. नामावलीत नाव आले तर 'साहाय्यक' म्हणून. बहुतेकांचे येत नसे. त्या काळी ध्वनिमुद्रण म्हणजेही एक मैफलच असे. गायक, समूहस्वर आणि सारा वाद्यवृंद एकाच दालनात, एकाच वेळी. शेवटच्या ओळीत कोणाचा धनु घसरला तर गाणे पुन्हा पहिल्यापासून. आपण ज्याला आज ध्वनिमुद्रित संगीत म्हणून ऐकतो, ते मुळात अनेक माणसांनी एकमेकांकडे पाहत प्रत्यक्ष वाजविलेले असते. या चित्रपटातले तीन जोडप्यांचे गाणे लता मंगेशकर, महंमद रफी, किशोरकुमार व मुकेश अशा चौघांनी गायले आहे. चित्रपट लागला तेव्हा मुकेश हयात नव्हते; २७ ऑगस्ट १९७६ रोजी त्यांचे निधन झाले होते.

गोन्साल्विस यांची धडपड याहूनही मोठी होती. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात भारतीय रागांवर बेतलेल्या स्वतःच्या रचना श्रोत्यांपुढे आणल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्या उपक्रमात गायले. चित्रपटाच्या दालनात बंदिस्त राहिलेले वादक त्या दिवशी लोकांसमोर बसले. वाजविणारे हात प्रथमच श्रोत्यांना दिसले. पुढे साठीच्या दशकात ते चित्रसृष्टी सोडून अमेरिकेस गेले, आणि परतले ते थेट गोव्यात, विस्मृतीत. १८ जानेवारी २०१२ रोजी ते निवर्तले.

त्यांच्यापाशी लहानपणी व्हायोलिन शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे प्यारेलाल शर्मा, लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले. या चित्रपटाचे संगीत त्या जोडीचे. नायकाचे आडनाव आधी निराळे योजले होते आणि ते बदलून गुरूचे नाव घालावे ही कल्पना प्यारेलाल यांची, असे सांगितले जाते. ते गाणे ऐकताना हा संदर्भ ठाऊक असला की अंड्यातल्या विदूषकाचे हसू उरतेच, पण त्या हसण्याआड एका शिष्याने आपल्या हरवलेल्या शिक्षकाला भर बाजारात नाव घेऊन मारलेली हाक ऐकू येऊ लागते. आईला मुलगे मिळवून देणाऱ्या या चित्रपटाने एका अनामिकाला नाव मिळवून दिले. ते विनोदी गाण्यात दिले, पूर्ण मानाने दिले नाही, हा आमचा आक्षेप कायम आहे.

शेवटाकडे आणखी एक गंमत आहे, तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधतो. खलनायकाच्या घरी लग्नाची घाई चालू असताना तिघे भाऊ वेषांतर करून घुसतात. अँथनी धर्मगुरू होतो, अकबर म्हातारा शिंपी होतो. आणि थोरला अमर, जो हिंदू आहे, शिस्तीचा पोलीस आहे, ज्याने सबंध चित्रपटात संगीताशी फारसा संबंध ठेवलेला नाही, तो होतो ख्रिस्ती लग्नातला वाजंत्री. पाठीवर ढोल, हातात वाद्य, सारा बँड एकट्याच्या अंगावर. तिघे भाऊ तेथे प्रथम एकत्र गातात, आणि ते गाणे उभे राहते आपल्याकडच्या लग्नघरांत दर हंगामात दिसणाऱ्या, ज्याचे नाव कोणी विचारीत नाही अशा त्या बँडवाल्याच्या ठेक्यावर.