तक्रार कोणीं करावयाची?

वृत्तपत्रांचा न्याय वृत्तपत्रांनींच करावा, ह्या तत्त्वाची कसोटी पाहूं इच्छिणारानें ब्रिटनमधील ‘प्रेस कंप्लेंट्स कमिशन’चा नोव्हेंबर २००९ मधील अहवाल अवश्य वाचावा. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चे बातमीदार लोकांच्या दूरध्वनीवरील निरोप चोरून ऐकत, ह्या आरोपाचा विचार त्यांत आहे. एक बातमीदार व त्याचा एक हस्तक २००७ सालींच तुरुंगांत गेले होते. परंतु हा प्रकार तेवढ्यापुरता नव्हता, असें ‘गार्डियन’नें जुलै २००९ मध्यें लिहिलें. मंडळास तसा नवा पुरावा दिसला नाहीं. उलट गाजावाजाच्या मानानें ‘गार्डियन’च्या बातम्यांत सत्त्व कमी, असा शेरा त्यानें मारला!

जुलै २०११ मध्यें, खून झालेल्या एका मुलीचे निरोपही ऐकले गेल्याचें उघडकीस आलें, तें साप्ताहिक बंद पडलें आणि मंडळानें हा अहवाल मागें घेतला.

अहवाल लिहिणारे अप्रामाणिक होते असें आम्हांस वाटत नाहीं. साक्षीदारास बोलावण्याची वा दप्तर मागविण्याची सत्ता त्यांस नव्हती. ज्याच्यावर आरोप त्यालाच पत्रानें विचारावें आणि त्याचें उत्तर टिपून घ्यावें, एवढेंच हातीं होतें. पण खरें वैगुण्य ह्याहून खोल आहे. सारी यंत्रणा तक्रारदाराच्या पायावर उभी. आणि ज्याचे निरोप चोरून ऐकले जातात त्यास आपण लुटलों गेलों ह्याची वार्ताही नसते. तो तक्रार कशी करणार?

चुकीचें नांव, विपर्यस्त मजकूर असल्या गाऱ्हाण्यांत मंडळ उपयोगी पडे, हें नाकारतां येत नाहीं. कोर्टाची पायरी न चढतां, पैसा न खर्चितां कित्येकांस दुरुस्ती मिळे. मात्र तडजोड झाली कीं प्रकरण मिटलें. तोच दोष तेथेंच पुन्हा कां घडतो, हें विचारण्याची मंडळाला संवयच नव्हती. संस्थापनेनंतर दोनच वर्षांनीं, १९९३ सालीं, सर डेव्हिड कॅलकट ह्यांनीं तें निष्प्रभ ठरविलें होतें. सरकारनें कायद्याचें न्यायासन नेमण्याची त्यांची सूचना मानली नाहीं.

लेव्हसन चौकशीनंतर, सप्टेंबर २०१४ मध्यें, ‘इप्सो’ हें नवें मंडळ आलें. त्यास स्वतः चौकशी करण्याचा व दहा लक्ष पौंडांपर्यंत दंड करण्याचा अधिकार मिळाला. ‘गार्डियन’ व ‘फायनान्शियल टाइम्स’ मात्र त्यांत सामील झालीं नाहींत. आपल्या वाचकांचीं गाऱ्हाणीं घरींच ऐकण्याचा मार्ग त्यांनीं पत्करला.